बारीक कणांचा अंदाज संगणक कसा घेतो?

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, “नॅनो युरिया पंपात ओतताना हातावर सांडला तर काही होतं का? पोत्यातला युरिया तर आपण वर्षानुवर्षं हातानंच फेकतोय.” आम्हाला लगेच उत्तर देता आलं नाही. मग वाचलं, जाणकारांना विचारलं. त्यातून कळलं ते आज सांगतो.

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. 2021 साली बाजारात आलेल्या नॅनो युरियाचे कण साधारण 20 ते 50 नॅनोमीटरचे. केसाच्या जाडीत असे हजारभर कण सहज मावतील. गुळाची ढेप पाण्यात टाकली तर विरघळायला वेळ लागतो, किसून टाकली तर झटकन विरघळते. गूळ तोच, पण पाण्याला लागणारी बाजू वाढली. कणांचंही तसंच आहे. झिंक ऑक्साइड बाळाच्या मलमातही असतं, पण अतिबारीक झालं की त्यातून जस्त लवकर सुटतं आणि जिवंत पेशीला त्रास देऊ शकतं. युरिया त्या मानानं सौम्य. पण आता नॅनो झिंक, नॅनो कॉपरही आले आहेत, आणि धातूंची गोष्ट वेगळी.

अडचण अशी की आकार बदलला, वरचा लेप बदलला की कणाचा गुणही बदलतो. प्रत्येकाची तपासणी करायची तर वर्षं जातील, पैसा जाईल, उंदीर-मासे मरतील ते वेगळेच. म्हणून शास्त्रज्ञ संगणकाची मदत घेतात.

हे काम आपण गटात करतोच की! नवीन कर्ज देताना आपण काय बघतो? बचत नियमित आहे का, मागचा हप्ता वेळेवर आला का, धंदा कोणता. जुन्या अनुभवावरून अंदाज बांधतो. संगणकही तेच करतो. 2011 साली पोलंडमधल्या टोमाश पुझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धातूंचे 17 ऑक्साइड घेतले. प्रत्येकाचा किती अंश दिला की ई. कोलाय जिवाणू निम्मे होतात, ते प्रयोगशाळेत मोजलं. दहांच्या आकड्यांवरून सूत्र बसवलं आणि उरलेल्या सातांवर ते ताडून पाहिलं. सूत्रात मोजमाप एकच होतं: धातूचा भारित कण तयार व्हायला किती ऊर्जा लागते. ऊर्जा कमी लागली तर विषारीपणा जास्त. जस्ताचं ऑक्साइड जास्त घातक निघालं, टायटॅनियमचं बरंच कमी.

पण परगावाहून नुकतीच आलेली, जिची काहीच नोंद नाही, अशी बाई कर्ज मागायला आली तर आपला अंदाज चालत नाही. सूत्राचंही तसंच. धातूंवरून बसवलेलं सूत्र युरियाला लावता येत नाही. जिवाणूवरचा निकाल आपल्या फुप्फुसाला जसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय आपल्याकडच्या बोअरच्या क्षारी पाण्यात कण एकमेकांना चिकटून गोळे होतात, तेव्हा त्यांचं वागणं बदलतं. त्यामुळे आधी कशाची तपासणी करायची, एवढं संगणक सांगतो. आपल्या सरकारनं 2020 साली शेती आणि अन्नातल्या नॅनो मालासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही प्रत्यक्ष चाचण्या मागितल्या आहेत. आम्हाला ते योग्य वाटतं.

आता ताईंचा प्रश्न. गटांना ड्रोन द्यायची योजना 2023 साली मंजूर झाली, म्हणजे फवारणीचं काम आपल्याच हाती येणार. तेव्हा हातमोजे घाला, तोंडाला नुसता पदर नको, मास्क लावा. वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून फवारू नका. हातावर सांडलं तर साबणानं लगेच धुवा. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण वाचूनच मिसळा, अंदाजानं झाकण भरून नको.

आणि रिकाम्या बाटलीत गोडं तेल भरायचं नाही, कितीही घट्ट झाकणाची असली तरी.