नामदेव जाधव यांचे शौर्य

दुसरे महायुद्ध १९३९ ते १९४५ पर्यंत चालले. तेव्हा आपला देश परतंत्र होता. लढाई इंग्रजांची, पण आपले शिपाई पार इटलीत जाऊन लढले. नामदेव जाधव हे त्यातलेच एक. त्यांचे गाव निमज. ते आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात आहे. त्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात.

९ एप्रिल १९४५ रोजी त्यांची मराठा पलटण सेनिओ नदी ओलांडत होती. समोरून मशीनगन सुरू झाल्या. सोबतचे बरेच जण पडले. दोघे जखमी होते. नामदेवरावांनी एकाला उचलून खोल पाण्यातून अलीकडे आणले. काठावर सुरुंग पेरलेले होते. तरी ते परत गेले आणि दुसऱ्यालाही घेऊन आले.

पुढे त्यांच्या हाताला जखम झाली. बंदूक धरता येईना. मग हातबॉम्ब फेकून त्यांनी शत्रूची मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. बांधावर चढून जयघोष केला, तेव्हा मागची पलटण पुढे आली.

त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक मिळाले. कोकणातल्या यशवंत घाडगे यांनाही तेच मिळाले, पण ते १९४४ सालीच इटलीत लढताना मरण पावले.

ओढ्याला पूर आला की मला नुसते दप्तर घेऊन उतरायची भीती वाटते. ते तर माणूस घेऊन आले, अन् पुन्हा गेले! मला ते पुन्हा जाणेच सगळ्यात शूरपणाचे वाटते.

— इयत्ता ४ थी