आजोबांची पटाशी भंगारात देण्याआधी हे वाचा. जुन्या हत्यारांमध्ये असं काय आहे?

गंजलेला रंधा, थोडी घासाघीस, थोडी धार आणि मग लाकडावरून निघणारं कागदासारखं पातळ सालपट. असे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येत असतील. पण नवी हत्यारं एका क्लिकवर घरी येत असताना लोक जुन्याच्या मागे का लागतात?

पटाशीवरचा शिक्का काय सांगतो?

जुन्या ब्रिटिश पटाशीवर अनेकदा 'कास्ट स्टील' असं कोरलेलं दिसतं. याचा अर्थ ती साच्यात ओतलेली आहे असा नाही. हे मुशीत वितळवलेलं पोलाद. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने शेफील्डजवळ ही पद्धत बसवली. त्याला स्प्रिंगसाठी एकसारखं पोलाद हवं होतं. दक्षिण भारतात मुशीतलं पोलाद त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून बनत होतं.

अनेक जुन्या पात्यांमध्ये धारेपुरतं कडक पोलाद आणि मागे मऊ लोखंड असतं. त्यामुळे धार टिकते आणि पातं सहज तुटत नाही.

रंध्यात काय बदललं?

लाकडी रंध्यात पातं पाचरीने बसवतात आणि हातोडीच्या टिचक्या मारून कमीजास्त करतात. अमेरिकेत लिओनार्ड बेली यांनी हे काम फिरवायच्या चाकीवर आणलं. १८६९ मध्ये स्टॅन्ले कंपनीने त्यांची पेटंट्स घेतली. आजचे बहुतेक लोखंडी रंधे याच मांडणीवर चालतात.

मग जुनं ते सगळंच सोनं?

नाही. वाईट हत्यारं तेव्हाही बनत होती, पण ती केव्हाच भंगारात गेली. आज दिसतात ती टिकलेली, म्हणजे मुळातच बरी.

खरा फरक दुरुस्तीचा आहे. जुन्या करवतीचे दात बोथट झाले की सुतार कानस घेऊन बसायचा आणि करवत पुन्हा कामाला लागायची. आजच्या अनेक स्वस्त करवतींचे दात इतके कडक केलेले असतात की त्यांवर कानस चालतच नाही. बोथट झाली की फेका.

हत्यारासोबत काय जातं?

गावगाड्यात सुतार हा बलुतेदार. नांगर, कुळव, बैलगाडी सगळं त्याच्याकडे. वाकस, किकरं, गिरमिट, गुण्या ही त्याची रोजची साथ. आज बरंचसं काम प्लायवूड आणि सनमायकाचं झालंय. तिथे मशीन वेगाने चालतं आणि रोजंदारीच्या हिशेबात वेग महत्त्वाचा, त्यामुळे कारागिराला दोष देता येत नाही.

पण लाकडाची नस कुठल्या बाजूला जाते, धार लागली हे बोटाला कसं कळतं, हे ज्ञान बापाशेजारी बसूनच मिळायचं. ते क्वचितच कुणी लिहून ठेवलं. हत्यार किलोवर विकलं की ते विचारायचं निमित्तही संपतं.

घरात असं हत्यार सापडलं तर?

वरवरचा गंज निघतो. धारेजवळ खोल खड्डे असतील तर अडचण. धार लावायला थेट ग्राइंडरवर धरू नका. पातं तापून निळं पडलं की तिथलं पोलाद मऊ होतं. दगडावर, पाणी किंवा तेल लावून, सावकाश घासा. मूठ मोडली असेल तर नवी बसवता येते.

आणि ओळखीत एखादे जुने सुतारकाका असतील, तर आधी त्यांना दाखवा. धार कशी लावायची हे त्यांच्याकडूनच शिका आणि जमलं तर त्यांच्या परवानगीने त्याचा व्हिडिओही करून ठेवा.