पुराचं वेळापत्रक

ऑगस्ट 2020 संपत आला होता. कारधा पुलाजवळ वैनगंगेनं 245.50 मीटरची धोक्याची पातळी ओलांडली आणि भंडारा शहरातल्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं. शहरात पाऊस किती झाला, यावरून या पुराचा अंदाज बांधता आला नसता. बरंचसं पाणी वरून, मध्य प्रदेशातून येत होतं. शिवनी जिल्ह्यात संजय सरोवराची दारं उघडली होती. वाटेत बाघ, बावनथडी या नद्या भर घालत होत्या. दारं उघडल्याची बातमी आली, तरी घरातलं सामान माळ्यावर चढवणाऱ्याला एकच गोष्ट कळायला हवी असते: पाणी इथं किती वाजता येणार?

याच प्रश्नाच्या मागे अभियंते पावणेदोनशे वर्षं लागले आहेत. 1851 मध्ये आयर्लंडच्या थॉमस मल्वनी यांनी पहिला धागा पकडला. पाणलोटाच्या अगदी टोकाला पडलेला थेंब नदीच्या मुखाशी यायला ठरावीक वेळ घेतो. पाऊस तेवढा वेळ टिकला, तर सगळ्या पाणलोटाचं पाणी एकत्र येऊन धडकतं. पुराच्या गणितात पावसाइतकंच घड्याळही महत्त्वाचं, हे त्यातून दिसलं.

पण हे सूत्र लहान पाणलोटापुरतं. मोठ्या नद्यांचं काय? 1932 मध्ये अमेरिकी अभियंता लिरॉय शर्मन यांनी धाडसी कल्पना मांडली. जमिनीत मुरून उरलेला एक एकक पाऊस नदीत कसा चढतो नि ओसरतो, याचा आलेख जुन्या नोंदींवरून एकदाच काढा. वाहून जाणारं पाणी दुप्पट झालं, तर आलेखाची उंची दुप्पट होईल. पूर ओसरायला लागणारा वेळ तोच राहील. प्रत्येक खोऱ्याचा स्वभाव एका वक्ररेषेत मावला!

गोम होती ती 'मुरून उरलेल्या' या शब्दांत. जूनच्या पहिल्या सरी भंडाऱ्याची तहानलेली जमीन पिऊन टाकते. ऑगस्टअखेर मात्र धानाच्या बांध्या तुडुंब आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव काठोकाठ असले, की तेवढाच पाऊस थेट नदीकडे धावतो. त्यामुळे आजची मॉडेल्स आधी जमिनीतल्या ओलीचा हिशेब करतात.

तिसरं कोडं 1938 मध्ये ओहायोतल्या मस्किंगम नदीवर सुटलं. जी. टी. मॅकार्थी यांनी पाहिलं, की चढत्या पुरात नदी स्वतःच्या पात्रातही पाणी साठवत जाते. वरच्या टोकाला पातळी उंच, खालच्या टोकाला कमी. मधे पाण्याची पाचर. प्रवासाचा वेळ आणि या पाचरीचा प्रभाव, एवढे दोन आकडे जुन्या पुरांवरून बसवले, की वरच्या विसर्गावरून खालचा पूर काढता येतो. दारं उघडल्याच्या बातमीला आता वेळ जोडता येत होती.

वैनगंगेवर या वेळेची खरी परीक्षा गोसीखुर्दला होते. 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झालेल्या या धरणाला 33 दारं आहेत. ती फार आधी उघडली आणि पुढे पाऊस दगा देऊन गेला, तर शेतीचं पाणी हातचं जातं. उशीर झाला, तर फुगवटा भंडाऱ्याकडे सरकतो. त्यात अंभोऱ्याला कन्हान मिळते, पेंचचं पाणी घेऊन. वैनगंगा आणि कन्हान या दोन्ही नद्यांचा पूर तिथं एकाच वेळी शिगेला पोचला, तर धरणावर दोघींचा भार एकदम पडतो. काही तासांचं अंतर राहिलं, तर तोच भार विभागतो. कुठल्या धरणाचं दार केव्हा उघडायचं, यावर हे अंतर बरंच अवलंबून असतं, आणि मॉडेलवर ते आधी तपासून पाहता येतं.

अर्थात मॉडेल पूर अडवत नाही. ते फक्त तास मिळवून देतं. तेही वरचा पाऊस आणि विसर्ग यांचे आकडे वेळेवर मिळाले तरच. आकडा उशिरा आला, तर सूत्र बिनचूक असूनही उत्तर पुरानंतर हाती येतं. नदी राज्याची सीमा पाहून थांबत नाही. म्हणून शिवनीपासून गोसीखुर्दपर्यंतच्या दारांचा हिशेब एकाच वहीत मांडला गेला पाहिजे.