फुफ्फुसातल्या जिवाणूंवर विषाणूंचा उतारा

सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार आहे. आई आणि वडील अशा दोघांकडूनही सीएफटीआर या जनुकाची सदोष प्रत आली, तरच तो होतो. पेशींच्या आवरणातून क्लोराइडची ये-जा सांभाळणारे प्रथिन या जनुकामुळे तयार होते. ते बिघडले की श्वासनलिकांतला ओलावा कमी पडतो, कफ घट्ट होतो आणि खोकूनही सुटत नाही. श्वासाबरोबर आत गेलेले जिवाणू तिथेच मुक्काम ठोकतात. त्यांतला एक चिवट जिवाणू म्हणजे स्युडोमोनास एरुजिनोसा. तो स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करून त्यात दडून बसतो. प्रतिजैविकांचे एकामागून एक कोर्स होतात आणि शेवटी त्यांना दाद न देणारे जिवाणूच मागे उरतात.

इथे फेज उपयोगी पडू शकतात. फेज म्हणजे जिवाणूंवर जगणारे विषाणू. फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी 1915 मध्ये आणि फेलिक्स द'हेरेल यांनी 1917 मध्ये त्यांची नोंद केली. प्रतिजैविके आल्यावर पाश्चात्त्य देशांत हे उपचार मागे पडले. जॉर्जियात तिबिलिसीच्या एलियाव्हा संस्थेने ते चालू ठेवले.

फेजचे काम ठरलेले असते. जिवाणूच्या पृष्ठभागावरचा एखादा विशिष्ट भाग ओळखून तो तिथे चिकटतो आणि आपले डीएनए आत सोडतो. मग जिवाणूचीच यंत्रणा वापरून आत नवे फेज तयार होतात. शेवटी जिवाणू फुटतो आणि बाहेर पडलेले फेज पुढच्या जिवाणूंकडे वळतात. माणसाच्या पेशींवर हा खुणेचा भाग नसल्याने फेज त्यांच्यात वाढत नाहीत. मात्र याच काटेकोरपणामुळे एका रुग्णाला लागू पडलेला फेज दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

म्हणून उपचाराची सुरुवात रुग्णाच्या कफापासून होते. कफातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून वेगळे काढतात. ते पातळ अगारमध्ये मिसळून काचेच्या बशीत ओततात आणि वर निरनिराळ्या फेजचे थेंब टाकतात. बशी रात्रभर 37 अंश सेल्सियसला ठेवली की दुधावर साय धरावी तसा जिवाणूंचा धुरकट थर धरतो. जिथे फेज लागू पडला असेल तिथे तो थर विरून आरपार दिसणारी टिकली उमटते. टिकली स्वच्छ असेल तर फेज कामाचा. गढूळ असेल तर शंका घ्यायची, कारण काही फेज जिवाणूला न मारता त्याच्या डीएनएमध्ये गुपचूप राहतात. असे फेज उपचाराला चालत नाहीत.

त्यावरही तोड निघाली आहे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या 15 वर्षांच्या एका मुलीला फुफ्फुस प्रत्यारोपणानंतर मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस या जिवाणूचा संसर्ग सर्व शरीरभर पसरला होता. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या ग्रॅहम हॅटफुल यांच्या संग्रहातून तिच्यासाठी तीन फेज निवडले गेले. त्यांतला ‘मडी’ दक्षिण आफ्रिकेत कुजलेल्या वांग्यावर सापडला होता. उरलेल्या दोघांतले गप्प बसायला लावणारे जनुक काढून टाकावे लागले. 2018 मध्ये शिरेतून उपचार सुरू झाले. तिची शस्त्रक्रियेची जखम भरत आली, यकृताचे काम सुधारले. 2019 मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

फेज लागू पडला तरी जिवाणू स्वस्थ बसत नाहीत; खुणेचा भाग बदलून ते निसटू पाहतात. येल विद्यापीठातल्या बेंजामिन चॅन आणि पॉल टर्नर यांनी हे निसटणेच हिशेबात धरले. कनेटिकटमधल्या डॉज पाँड या तळ्यात सापडलेला ओएमकेओ1 हा फेज स्युडोमोनासच्या एका पंपाच्या बाहेरच्या भागाला चिकटतो. प्रतिजैविक बाहेर फेकायला जिवाणू हाच पंप वापरतो. फेजपासून वाचायला पंप बदलला की प्रतिजैविक पुन्हा लागू पडू लागते. पंप राखला तर फेज मारतो. म्हणून फेज निवडताना दोन गोष्टी पाहायच्या: तो किती जिवाणू मारतो, आणि जे वाचतात त्यांना त्याची काय किंमत मोजावी लागते.

निवडलेला फेज भरपूर वाढवला की शुद्धीकरणाची पाळी येते. फुटलेल्या जिवाणूंच्या आवरणाचे विषारी अवशेष त्यात राहिले तर रुग्णाला ताप येऊ शकतो. शुद्ध केलेला द्राव मग नेब्युलायझरमधून वाफाऱ्यासारखा थेट फुफ्फुसात दिला जातो. येलच्या गटाने या पद्धतीने उपचार केलेल्या 9 प्रौढ रुग्णांची माहिती 2025 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या कफातले स्युडोमोनास घटले आणि श्वास सोडण्याची क्षमता काही प्रमाणात वाढली. पण तुलनेसाठी वेगळा गट नव्हता आणि रुग्णही मोजकेच होते, त्यामुळे यावरून सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय फेज शिरेतून दिले तर शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करून त्यांना निकामी करू शकते.

फेजमुळे सीएफटीआर जनुक दुरुस्त होत नाही, रोजची छातीची फिजिओथेरपी चुकत नाही आणि प्रतिजैविकेही सहसा बंद होत नाहीत. इतर उपाय थकल्यावर, त्या रुग्णाच्याच जिवाणूवर तपासून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरायचे हे हत्यार आहे. मोठ्या, तुलनात्मक चाचण्यांचे निकाल येईपर्यंत त्याला नेहमीचे औषध म्हणणे घाईचे ठरेल.