थांबलेल्या बोटीचे पैसे कोणी भरायचे?

सोयाबीनची गाडी मिलच्या दारात दोन दिवस उभी राहिली की ड्रायव्हर हॉल्टिंग मागतो. हदगाव, भोकर, उमरखेडच्या व्यापाऱ्यांना हे नव्यानं सांगायला नको. समुद्रावर बोट अशीच अडकून पडली की त्या पैशाला डेमरेज म्हणतात, आणि तिथं एका दिवसाचा आकडा हजारो डॉलरांत जातो. हदगाव समुद्रापासून लांब असलं, तरी आपल्या भागातल्या कापसाच्या गाठी, हळद, सोयापेंड परदेशी निघाल्या की वाट बंदरातूनच जाते. वाटेत वाया गेलेला प्रत्येक दिवस कुणाच्या तरी हिशेबात मांडला जातो. तो कुणाच्या, याचा निवाडा गेल्या साठेक वर्षांत कसा होत गेला, हे म्हणून आपणही पाहायला हवं.

वेळेची ही रखडपट्टी आपल्याकडे जुनी आहे. नांदेड निजामाच्या राज्यात होतं, आणि त्या राज्याला किनारा नव्हता. 1900 साली मनमाड–सिकंदराबाद मार्ग नांदेडवरून सुरू झाला, पण तो मीटर गेजचा. मुंबईला जायचा माल मनमाडला उतरवून ब्रॉड गेजच्या डब्यांत पुन्हा भरावा लागे. नव्वदच्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत हे चाललं.

बोटीचा व्यवहार असा असतो. बोट भाड्यानं घेताना माल चढवायला आणि उतरवायला किती वेळ मिळणार, हे करारात ठरतं. बोट पोहोचली की कप्तान ‘आम्ही तयार आहोत’ अशी नोटीस देतो आणि करारात ठरल्याप्रमाणे घड्याळ सुरू होतं. वेळ संपल्यावर डेमरेज लागतं. काम आधीच उरकलं तर बोटमालक उलट पैसे देतो, ते बहुधा डेमरेजच्या निम्म्या दरानं. एकदा डेमरेज सुरू झालं की पाऊस आला, सुट्टी आली, तरी ते थांबत नाही. थांबवायचं असेल तर करारात तसं स्पष्ट लिहिलेलं लागतं. म्हणून सगळं भांडण एकाच प्रश्नावर येतं: बोट ‘पोहोचली’ कधी?

‘योहाना ओल्डेनडॉर्फ’ ही धान्याची बोट 1968 च्या जानेवारीत लिव्हरपूलच्या धक्क्यापासून 17 मैलांवर नांगर टाकून जागेची वाट पाहत होती. नांगराची ती जागा बंदराच्या हद्दीतच होती. बोट बंदरात आहे आणि भाडेकऱ्याच्या हुकमाला तयार आहे, मग ती पोहोचलीच, असा निकाल ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, 1973 साली दिला.

पुढचा खटला मराठी वाचकाला जवळचा वाटेल. गोव्याच्या चौगुले घराण्यानं मुरगावच्या खनिज व्यापारातून पुढं जहाज कंपनी काढली आणि आपल्या बोटींना ‘मराठा’ शब्दानं सुरू होणारी नावं दिली. त्यांतली ‘मराठा एन्व्हॉय’ 1970 च्या डिसेंबरात धान्य घेऊन जर्मनीच्या वेझर नदीच्या तोंडाशी आली. ब्राके बंदरात जागा नव्हती. थांबायची नेहमीची जागा नदीबाहेर दीपनौकेपाशी, म्हणजे बंदराच्या हद्दीबाहेर. घड्याळ सुरू व्हावं म्हणून बोट नदीतून ब्राकेपर्यंत गेली, तिथं वळली आणि परत बाहेर येऊन थांबली. इंग्लंडच्या अपील कोर्टानं बोटीच्या बाजूनं कौल दिला. 1977 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं तो फिरवला. हद्दीबाहेर थांबलेली बोट पोहोचलेली नाही, मधली फेरी निव्वळ देखावा, असं ठरलं. वाट पाहिल्याचे पैसे बुडाले. मला हा निकाल कठोर वाटतो, पण त्यातून एक गोष्ट लख्ख होते: जागा नसल्याचा धोका कुणाचा, हे लिहून ठेवलं नाही तर नकाशावरची रेघ ते ठरवते.

त्याच दशकात नायजेरियानं लागोसच्या बंदराला पेलणार नाही इतकं सिमेंट मागवलं. 1975 मध्ये शेकडो बोटी बाहेर खोळंबल्या आणि डेमरेजचा बोजा सरकारवर चढला. मागवणाऱ्यानं बंदराची ताकद मोजली नव्हती.

आपल्याकडे डेमरेजचा दुसरा प्रकार जास्त छळतो. माल बंदरात ठरल्यापेक्षा जास्त दिवस पडून राहिला की लागणारा हा आकार. 1995 साली ग्रँड स्लॅम खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, कस्टम्सनं माल चुकीनं अडवला असला, तरी जागेचा आकार मालवाल्यालाच भरावा लागेल. जागा सांभाळणाऱ्याचे पैसे बुडू नयेत हे मान्य. पण चूक सरकारी खात्याची आणि भुर्दंड आयातदाराला, हा न्याय मला कधीच पटला नाही. 2009 च्या नियमांनी कस्टम्सनं अडवलेल्या मालावर डेमरेज लावायला मनाई केली. ते आधीच व्हायला हवं होतं. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा नौवहन महासंचालनालयानं जहाज कंपन्यांना कंटेनर अडकल्याचे पैसे घेऊ नका, असं कळवलं. तेही संकट आल्यावर.

सोयाबीन पिकवणाऱ्या नांदेड-लातूरनं ‘इटर्नल ब्लिस’चा खटला वाचायलाच हवा. 2015 मध्ये ब्राझीलहून सुमारे 70 हजार टन सोयाबीन घेऊन ही बोट चीनच्या लोंगकौ बंदराबाहेर 31 दिवस थांबली. मालाला बुरशी लागली, गोळे झाले. बोटमालकानं माल घेणाऱ्यांना सुमारे 11 लाख डॉलर देऊन मिटवलं आणि ते भाडेकऱ्याकडे मागितले. 2021 मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टानं सांगितलं की, ठरल्या वेळेत माल उतरवला नाही एवढाच करारभंग असेल, तर त्याची सगळी भरपाई डेमरेजमध्येच आली.

भारतात 2025 साली बिल ऑफ लेडिंगचा (बोटीवर माल चढल्याच्या पावतीचा) 1856 चा आणि सागरी मालवाहतुकीचा 1925 चा कायदा जाऊन नवे आले. पण बोटीच्या डेमरेजचा दर अजूनही करारच ठरवतो, आणि आपला 1872 चा करार कायदा म्हणतो की करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. कोर्ट वाजवी तेवढीच देईल. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वे हदगाववरून जाणार आहे. ती सुरू झाली की इथल्या शेतकरी उत्पादक कंपन्या थेट निर्यातीचे करार करू लागतील. सही करण्याआधी त्यांनी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: घड्याळ कुठं सुरू होणार, कशानं थांबणार, आणि जागा नसेल तर धोका कुणाचा.