फोन घरी ठेवून धावायचं तर
गार्मिनने 2021 मध्ये आणलेल्या फोररनर 945 एलटीई या घड्याळात जीपीएसच्या जोडीला मोबाइल नेटवर्कही आहे. पण त्यावरून कुणाला फोन लावता येत नाही. कमी बॅटरी खाणारं हे नेटवर्क ठावठिकाणा आणि छोटे निरोप पोचवण्यापुरतंच. तेवढंही पुष्कळ झालं: धावणारा कुठवर आला हे घरच्यांना नकाशावर दिसतं, ‘थोडंच राहिलंय, चल!’ असा त्यांचा निरोप वाटेतच मिळतो. पाय मुरगळला, तर लाइटचं बटण दाबून धरायचं; तीनदा थरथर जाणवली की सोडायचं. आधी ठरवून ठेवलेल्या माणसांना ठिकाणासह संदेश जातो. मोबाइल कंपनीचं वेगळं कनेक्शन लागत नाही, मात्र गार्मिनची वर्गणी भरावी लागते. एवढ्या महागड्या घड्याळावर हा वरखर्च खटकतोच.