मंद उजेड आणि थरथरता हात

अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा १५ व्या शतकाच्या अखेरीचा. आतल्या देवड्यांत भरदुपारीही उजेड बेताचाच, आणि गडावर ट्रायपॉड कोण वाहून नेणार! २४ मिलिमीटरच्या भिंगाने, नुसत्या हाताने, सेकंदाच्या पंचविसाव्या भागापर्यंत चित्र स्वच्छ येते, असा जुना ठोकताळा आहे. मग थरथर सावरणाऱ्या योजनेचे प्रयोजन काय, असे आपण विचाराल. ही योजना हात हलेल त्याच्या उलट भिंग किंवा संवेदक सरकवते. तीन पायऱ्यांचा लाभ झाला, तर एक तृतीयांश सेकंदही साधतो. प्रकाश आठपट मिळतो. आयएसओ ३२०० ऐवजी ४०० पुरते, आणि दगडावरची नक्षी दाण्यांत हरवत नाही. मात्र त्याच चित्रात आमचे चालते सोबती धुरासारखे उमटले! ती हालचाल कोणतेही यंत्र सावरीत नाही. म्हणून अमरावतीला अंबादेवीच्या नवरात्रातील गर्दीत आम्ही वेग वाढवतो आणि दाणे मुकाट्याने पत्करतो.